फाशीची कोठडी आणि कायद्याचे विद्यार्थी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी येथील आरोपीची न्यायाची वाट जुनीच आहे. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो. तेथे फाशीची शिक्षा झाली, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केल्यावाचून तिची अंमलबजावणी होऊ शकत नाही. पुढे दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आणि सर्वांत शेवटी राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या कुटुंबासाठी हा प्रवास टप्प्याटप्प्याने गावापासून दूर जाणारा आहे. गुन्ह्याची कागदपत्रे या प्रवासात सोबत जातात. माणसाची हकिकत मात्र गावातच राहून जाते. ही मागे राहिलेली हकिकत न्यायालयापर्यंत नेण्याच्या कामात कायद्याचे विद्यार्थी कसे आले, याचा थोडासा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

ब्रिटिश अमदानीतील १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, ज्या गुन्ह्याला फाशीची तरतूद असे, त्यात फाशी न दिल्यास न्यायाधीशाला त्याची कारणे नोंदवावी लागत. म्हणजे फाशी हा नियम होता आणि जीवदान हा अपवाद. १९५५च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. त्याआधीच, ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फौजदारी अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने आपले मत सांगितले होते. ते मत संविधानात उतरले नाही. परंतु कायद्याचा कल हळूहळू बदलत गेला. १९७३च्या नव्या संहितेने फाशीसाठी ‘विशेष कारणे’ देणे बंधनकारक केले आणि दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद केली. ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची तरतूद वैध ठरविली, परंतु ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती मर्यादित केली. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा, त्याचे वय, त्याची परिस्थिती, त्याच्या सुधारणेची शक्यता पाहिली जावी, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत.

दंडक उत्तम होता. पण आरोपीचे आयुष्य न्यायालयापुढे मांडायचे कोणी? पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, बालपणाचा नव्हे. आरोपी गरीब असेल, तर त्याच्या वकिलाला गावी जाण्याची सवड नसते आणि त्यासाठी पैसाही नसतो. अनेक खटल्यांत शिक्षेवरील सुनावणी ‘आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ एवढ्या दोन वाक्यांत उरकली गेली.

ही उणीव भरून काढण्याच्या कामी विद्यार्थी आले. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाची उमेदवारी सक्तीची केली: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे. २०१३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने, प्रा. अनुप सुरेंद्रनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली, देशातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास हाती घेतला. विद्यार्थी तुरुंगांत गेले आणि कैद्यांच्या घरीही गेले. ३८५ पैकी ३७३ कैद्यांची हकिकत या अभ्यासातून नोंदली गेली. मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आढळले, की सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि सुमारे ६२ टक्के जणांचे माध्यमिक शिक्षणही पूर्ण झाले नव्हते. आपल्या वकिलाने खटल्याचा तपशील आपल्याशी कधी बोलूनच घेतला नाही, असे बहुसंख्य कैद्यांनी सांगितले. पुढे हेच काम ‘प्रोजेक्ट ३९-ए’ या नावाने ओळखले गेले. मोफत कायदेविषयक साहाय्याची हमी देणाऱ्या संविधानातील अनुच्छेदावरून हे नाव घेतले होते. आता ते हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातून ‘स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने चालते.

अशा कामाचे मोल काय, हे आपल्याच राज्यातील दोन खटल्यांवरून कळते. १९९४ साली पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. त्या प्रकरणात राजस्थानातून आलेल्या एका मुलाला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्यात त्याचे नाव चुकीचे नोंदले गेले होते आणि वय विशीच्या पुढचे. प्रोजेक्ट ३९-एच्या वकिलांनी हे प्रकरण हाती घेतले. त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद ग्राह्य धरून नागपूर कारागृहातून त्याची सुटका करण्याचा आदेश दिला. तोवर २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. शाळेच्या दप्तरातील ती तारीख इतकी वर्षे तेथेच होती. ती कोणी पाहिली नव्हती, एवढेच.

दुसरा खटला नाशिकचा. २००३ साली एका कुटुंबावर झालेल्या भीषण हल्ल्याबद्दल भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती; परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे प्रकरणाची फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट तपासात बाजूला पडली होती. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांचे मोल ते काय ठरणार?

या ठिकाणी वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील: ज्यांची माणसे मारली गेली, त्यांच्या अश्रूंचे काय? हा प्रश्न टाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्या कुटुंबांना न्याय मिळालाच पाहिजे. परंतु नाशिकच्या निकालाचा दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा. निरपराध सहा जण कोठडीत होते, तितकी वर्षे त्या दुर्दैवी कुटुंबालाही न्याय मिळाला नव्हता. चुकीच्या माणसाची फाशी कोणाच्याही दुःखावरचे औषध नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवणही या वाटेने पुढे आली आहे. समाजाच्या संरक्षणाचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच ही शिक्षा समर्थनीय ठरावी आणि असे प्रसंग जवळजवळ उरलेले नाहीत, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५च्या ‘जीवनाची सुवार्ता’ या परिपत्रात प्रतिपादन केले. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील संबंधित परिच्छेद बदलून फाशी कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य ठरविली. आपल्या देशात विधी आयोगाने २०१५ साली दहशतवाद व युद्धविषयक गुन्हे वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. ती अद्याप अमलात आलेली नाही.

तोवर मार्ग आहे तो सुनावणीचाच. मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीची सामाजिक, कौटुंबिक व मानसिक माहिती खालच्या न्यायालयातच गोळा झाली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात, अखेरचा निकाल लागून गेलेला असतानाही, याच कारणासाठी शिक्षेची सुनावणी पुन्हा घेण्याचे ठरले.

ही माहिती दिल्लीत बसून गोळा होत नाही. मानोऱ्याकडील तांड्यावर बंजारा बोलीत बोलणारी आजी, कामासाठी परगावी गेलेले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर, ग्रामीण रुग्णालयातील जुना केसपेपर: हे सारे शोधायला या मातीतलाच मुलगा किंवा मुलगी लागते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून आज मुले कायद्याच्या अभ्यासाकडे वळत आहेत. उमेदवारीचे आठवडे कोठे घालवावेत, असे त्यांनी विचारले, तर मोठ्या वकिलाच्या थंडगार कचेरीबरोबरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दाराचाही पत्ता त्यांना सांगावा. जुने रजिस्टर वेळेवर उघडण्याइतके साधे काम त्यांच्या हातून झाले, तरी एखाद्याचे अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य वाचू शकते.