पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

आजचा भाग क्रांती चौकातून रेकॉर्ड करतोय. मागे गाड्यांचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

परवा इथेच चहा घेताना भाच्याचा फोन आला. व्हिसा नाकारला. बँक स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळं जोडलं होतं. म्हणाला, "मामा, मला फक्त फिरायला जायचं होतं. यांना कसली शंका आली?" त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

हद्द ओलांडायची की नाही, यावरून या परिसरात माणसं मेली आहेत. जून १८५७. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण लागली आणि स्वारांनी निजामाच्या हद्दीबाहेर जायला नकार दिला. इंग्रजांनी काहींना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. काळा चबुतरा ही त्याचीच आठवण.

ती हद्द फार लांब नव्हती. मनमाडच्या गाडीत बसा: रोटेगाव निजामाच्या मुलखात, नगरसूल इंग्रजांच्या. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. नाणंही वेगळं; शंभर इंग्रजी रुपयांना साधारण ११६ हाली रुपये. एरवी माणसाला इथे पासपोर्ट लागत नसे. पण विलायतेला निघालात की फरक कागदावर यायचा. नाशिकचा माणूस 'ब्रिटिश प्रजाजन', तर आपल्या औरंगाबादचा 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'!

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पुढे ती हद्दही पुसली गेली. पुढे आपण भारताचे नागरिक झालो. तरी पासपोर्ट काही हक्काचा झाला नाही. द्यायचा की नाही, ही सरकारची मर्जी होती.

ते बदललं १० एप्रिल १९६७ ला. सतवंतसिंग सॉनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याचा आधार नसताना ते अडवता येणार नाही. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट नाकारला तर कारणं नोंदवायची आणि अपिलाची सोय, हे त्यात आलं. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्यही हवी.

म्हणून भाच्याला म्हटलं, "अरे, पासपोर्ट आपल्या सरकारचा, तिथे तू भांडू शकतोस. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दाराची कडी. तिथे विनंतीच करायची. आणि व्हिसा मिळाला, तरी विमानतळावरचा त्यांचा अधिकारी पुन्हा विचारणारच: कशाला आलात, कधी परतणार?"

नकाराचं पत्र जपून ठेव, त्यातलं कारण नीट वाच आणि पुढच्या अर्जात विचारलं तर हा नकार लपवू नकोस, एवढं बजावलं.

तो पुन्हा अर्ज भरतोय. काय झालं ते कळवेनच. भेटू पुढच्या भागात.