सात हाली, सहा कलदार

जुन्या खतपत्रांत, आत्मकथनांत किंवा कादंबऱ्यांत 'शंभर रुपये' असे शब्द आले, की आपण तेथे थांबत नाही. फार तर त्या काळच्या स्वस्ताईबद्दल हळहळतो आणि पुढे जातो. आम्हीही वर्षानुवर्षे असेच वाचत आलो आणि, कबूल केले पाहिजे, असेच शिकवत आलो. परंतु मजकूर चंद्रपूर-गडचिरोलीच्या दक्षिण काठावरचा असेल, तर हे शंभर रुपये कोणत्या टांकसाळीचे, हा प्रश्न अर्थ लावण्यापूर्वीच विचारावा लागतो.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली गेला. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाचा मुलूखही इंग्रजांना दिला. राजुरा मात्र निजामाकडेच, आदिलाबाद जिल्ह्यात, राहिला. वर्धा नदीच्या एका बाजूला बल्लारपूर, दुसऱ्या बाजूला राजुरा. सिरोंचाहून नदी ओलांडली की पुन्हा निजामाचे राज्य. अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. जंगल तेच, सोयरीक त्याच घरांत, आणि बोलण्यातला शब्दही एकच : रुपया.

दोन्ही नावे पाहण्यासारखी आहेत. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. 'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. १९०४ च्या सुमारास हैदराबादेतही चारमिनारचे चित्र असलेला रुपया यंत्रावर पाडला जाऊ लागला; म्हणजे अर्थाने तोही कलदारच झाला. पण नाव बदलले नाही. ते एका सत्तेला चिकटून बसले होते.

एकोणिसाव्या शतकात या दोन नाण्यांचा भाव बाजाराप्रमाणे वरखाली होत असे. चारमिनारछाप रुपयानंतर तो स्थिरावला : शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आकडा विचित्र दिसतो, पण त्याचे मूळ सोपे आहे. सात हाली म्हणजे सहा कलदार. हे प्रमाण कोणाच्या लहरीने ठरलेले नव्हते. कलदाराचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी, हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी शेकडा ८१.८. गुणाकार केला तर शुद्ध चांदी अनुक्रमे सुमारे १०.६९ आणि ९.१४ ग्रॅम भरते. या दोन आकड्यांचे प्रमाण जवळजवळ नेमके सातास सहा असे येते. भाव चांदीतच होता, सरकारने तो लिहून काढला एवढेच.

मात्र पुढे चांदी निघून गेली तरी भाव राहिला. हैदराबादने १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. इंग्रजांनी १९४० मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा होता. सातास सहा हे प्रमाण तसेच चालत राहिले.

येथवरचा हिशेब मोठ्या रकमांचा आहे. शंभर रुपये बदलणाऱ्या व्यापाऱ्याला तो पै-पैशापर्यंत जुळवता येतो. पण एकच हाली रुपया घेऊन नदी ओलांडणाऱ्याचे काय? त्याला यावेत १३ आणे ८ पै आणि एका पैचे चार सप्तमांश. एका हाली आण्याचे १० पै आणि दोन सप्तमांश. पैहून लहान नाणे नव्हते, तेव्हा तो सप्तमांश कोणाच्या तरी पदरात पडणारच. तो बहुधा मोहाची फुले किंवा डिंक विकून आलेल्याच्या पदरात पडत नसावा, असे आमचे अनुमान आहे. त्याला नोंदवहीचा आधार नाही, केवळ अंकगणिताचा आहे. सराफाची बट्टा-आकारणी यात धरलेलीच नाही.

'बट्टा' हा शब्द आला म्हणून थोडे आडवळण घेतो. नाणे बदलताना जी तूट सोसावी लागे, ती बट्टा. आज आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, हुंडी वटवतो, विश्वासू माणसाला बंदा रुपया म्हणतो, आणि हे सारे सराफकट्ट्यावरून आले आहे हे विसरतो. ज्या समाजात दर मुक्कामाला नाणे बदलत असे, त्याच समाजाला हे शब्द सुचू शकतात. भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दांकडे केवळ वाक्प्रचार म्हणून पाहू नये असे आम्हांस वाटते.

आता वाचनाकडे. हैदराबादी कागदावर बहुधा फसली सन असतो, रकमेपुढे 'ओ. एस.' म्हणजे उस्मानिया सिक्का किंवा 'बी. जी.' म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया अशी खूणही आढळते. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. त्या सालच्या राजुऱ्याच्या खतात ३५० रुपये हाली कर्ज लिहिले असेल, तर चांद्याच्या बाजारात ते ३०० च होतात. कर्ज कोणत्या नाण्यात घेतले आणि फेड कोणत्या नाण्यात मागितली, यात पन्नास रुपयांचे अंतर आहे. सावकारीवरची कथा वाचताना हे अंतर गाळले, तर कथेतला अन्यायच आपल्याला नीट मोजता येत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले, पण हाली लगेच संपला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या शेजारी आला आणि काही वर्षे सातास सहा हाच हिशेब चालला. १९५६ मध्ये राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यात आला, १९५९ मध्ये चांद्यात. मध्ये १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नये पैसे आले होते. राजुऱ्यातल्या एखाद्या घरच्या कागदांचे गाठोडे सोडले, तर दहा-बारा वर्षांच्या अवधीत तीन जिल्ह्यांची नावे आणि तीन तऱ्हेचे हिशेब सापडावेत, आणि प्रत्येक कागदावर शब्द मात्र एकच असावा : रुपये.