पिवळ्या पानांचा कारभार

एखाद्या गांवांत एकाच सावकाराच्या पन्नास पेढ्या असाव्या, प्रत्येक पेढीनें खातेदारांची वही स्वतंत्र ठेवावी, आणि एका खातेदारानें आपली सही बदलली कीं पन्नासही वह्या दुरुस्त कराव्या लागाव्या, अशी स्थिति क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. इसवी सन १९८० नंतरच्या दशकांत युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांच्या व्यवस्थापकांपुढें नेमकें हेंच संकट उभें राहिलें.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. त्या काळीं एकच संगणक अनेक जण वाटून वापरीत. म्हणून वापरणारांचीं नांवें, क्रमांक व सांकेतिक शब्द यांची एकच यादी पुरे. पुढें यंत्रें लहान व स्वस्त झालीं, मेजामेजावर स्वतंत्र संगणक आला, आणि यादीच्याही तितक्याच प्रती झाल्या.

अशा संगणकांच्या व्यापारांत अग्रेसर ठरलेली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झाली. तिच्या चौघां संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. एका यंत्रावरील फाइली दुसऱ्या यंत्रावरून वापरण्याची एन्‌एफ्‌एस्‌ नांवाची योजना या कंपनीनें १९८५ च्या सुमारास प्रचारांत आणली. सोय मोठी, पण तिच्या पोटांत धोका होता. फाइलीचा मालक ही योजना नांवानें नव्हे, तर क्रमांकानें ओळखी. १०५ हा क्रमांक एका यंत्रावर एकाचा व दुसऱ्या यंत्रावर भलत्याचाच असला, तर एकाचे खासगी कागद दुसऱ्याच्या हातीं पडत.

तेव्हां सर्वांची वही एक करणें भाग पडलें. त्यासाठीं काढलेल्या व्यवस्थेस कंपनीनें ‘यलो पेजेस’ असें नांव दिलें. तिची मांडणी साधी होती. यंत्रांच्या एका समूहास ‘डोमेन’ म्हणून एक नांव द्यावयाचें. त्यांतील एक यंत्र मुख्य. मूळ याद्यांवरून शोधण्यास सोपे असे तक्ते त्यावर तयार होत. दुय्यम यंत्रें त्यांच्या नकला बाळगीत. मुख्य यंत्र बंद पडलें तरी काम अडूं नये, हा हेतु. बाकीचीं यंत्रें सुरू होतांच जाळ्यावर हांक देत: अमुक डोमेनची वही कोणापाशीं आहे? जें यंत्र प्रथम ओ देई, त्याच्याशीं संबंध जुळे.

पुढें नांवावरून अडचण आली. ‘यलो पेजेस’ हें ब्रिटनमध्यें ब्रिटिश टेलिकॉमचें नोंदलेलें व्यापारी नांव होतें. तेव्हां ‘नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस’ असें पुन्हां बारसें झालें. मात्र आज्ञांच्या आरंभींचीं ‘वाय्‌ पी’ हीं अक्षरें राहिलीं तीं राहिलींच.

खरा दोष नांवांत नव्हता, भोळ्या विश्वासांत होता. डोमेनचें नांव ठाऊक असलेल्या, जाळ्यावरील कोणत्याही यंत्रास ही वही मिळे. सांकेतिक शब्द गूढ रूपांत असत खरे. पण वही घरीं नेऊन कोशांतील शब्द एकामागून एक लावून पाहण्यास आडकाठी कोणाची? १९९२ च्या सुमारास कंपनीनें ‘प्लस’ हें उपपद लावून अधिक कडेकोट व्यवस्था दिली. पण ती उभारणें इतकें किचकट कीं अनेकांनीं जुनीच चालू ठेविली. २०११ सालच्या सोलारिस ११ या आवृत्तींतून नवी व्यवस्था गेली, जुनी मात्र राहिली.

स्थायी उत्तर निराळ्या दिशेनें आलें. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत निघालेल्या कर्बेरॉसनें ओळख पटविण्याचें काम वहीपासून वेगळें काढलें. वहीचें काम १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या एल्‌डॅपच्या नियमांनीं हळूहळू आपल्याकडे घेतलें. माणसाचें नांव सांगणें एक, आणि तो तोच आहे हें सिद्ध करणें दुसरें. हीं दोन्ही कामें एकाच उघड्या वहीवर सोंपवूं नयेत, हा धडा पिवळ्या पानांनीं शिकविला.