घातांकाचा अंदाज आणि परीक्षेतला कॅल्क्युलेटर

२ चा ३० वा घात मोठा की ३ चा २० वा, अशा धाटणीचे प्रश्न अमेरिकी प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांना चांगले ओळखीचे असतात. यात गुणाकार करत बसायचे नसते. दोन्हीकडचा घातांक १० वर आणला की एका बाजूला ८ चा दहावा घात उरतो, दुसऱ्या बाजूला ९ चा, आणि निकाल लागतो. क्लासमध्ये हे 'शॉर्टकट' म्हणून शिकवले जाते, आणि त्यामुळे ही परीक्षेपुरती क्लृप्ती आहे असा समज पसरतो. तो खरा नाही. घातांकाचा अंदाज हे साडेतीनशे वर्षे आकडेमोड करणाऱ्यांचे रोजचे काम होते. कामातून ते गेले तेव्हा परीक्षेने काही काळ ते सांभाळले. पुढे तिथूनही ते हटवले गेले, आणि ते हटवणे चुकीचे होते असे माझे मत आहे.

जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिथम मांडले आणि हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये १० हा पाया धरून चौदा दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके छापली. या कोष्टकांचा एक गुण आज विसरला गेला आहे: ती अर्धेच उत्तर देतात. २, २० आणि २००० या तिन्हींचा मँटिसा, म्हणजे लॉगरिथमचा दशांश भाग, एकच, .३०१०. संख्या किती आकडी आहे हे सांगणारी कॅरॅक्टरिस्टिक वापरणाऱ्याने स्वतःच ठरवायची. सतराव्या शतकातच निघालेल्या स्लाइड रूलचेही तसेच. पट्टी सरकवून ७९८ हे आकडे मिळत, पण ते ७.९८ आहेत की ७९,८०० हे पट्टीवर कुठेही लिहिलेले नसे. म्हणून पूल किंवा इंजिन आखणारा माणूस आधी मनात ठोकळ उत्तर काढी, मग पट्टी हातात घेई. ७ चा २० वा घात घ्या. ७ चा वर्ग ४९, म्हणजे ५० च्या आसपास. ५० चा दहावा घात म्हणजे ५ चा दहावा गुणिले १० चा दहावा. ५ चा दहावा घात जवळजवळ एक कोटी. उत्तर सुमारे १० चा १७ वा घात. ४९ च्या जागी ५० धरताना चूक दोनच टक्क्यांची होती, पण दहाव्या घातात ती वाढत जाऊन ५० चा दहावा घात खऱ्या किमतीपेक्षा बावीस टक्क्यांनी जास्त भरतो. पायातली लहान चूक घातांकाने किती फुगते, ही जाण या अंदाजाचा गाभा आहे. व्याज, लोकसंख्या, साथीचा फैलाव, जिथे जिथे वाढ घाताने होते तिथे ती लागते.

१९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि थोड्याच वर्षांत स्लाइड रूल मागे पडला. नवे यंत्र दशांश चिन्हासकट पूर्ण उत्तर देत असल्याने आधी अंदाज काढण्याची सक्ती उरली नाही. पण अंदाजाची समज आधीही शाळेत नीट रुजली नव्हती. १९७८ च्या सुमाराच्या अमेरिकी राष्ट्रीय मूल्यमापनात १२/१३ अधिक ७/८ यांची बेरीज कशाच्या जवळपास येते, असा प्रश्न होता आणि पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकच्या लगत आहेत एवढे दिसले की पुरे. तेरा वर्षांच्या मुलांपैकी फक्त २४ टक्क्यांनी २ निवडले. निम्म्याहून अधिक मुले १९ किंवा २१ कडे गेली, म्हणजे अंश किंवा छेद नुसते मिळवून मोकळी झाली. नियम येत होते, संख्येचा आकार दिसत नव्हता.

तरीही १९९४ पासून सॅट या अमेरिकी महाविद्यालय प्रवेश परीक्षेत कॅल्क्युलेटरला परवानगी मिळाली. २०१६ मध्ये वीस प्रश्नांचा एक विभाग कॅल्क्युलेटरविना ठेवला गेला, तो मला सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो. पण २०२४ पर्यंत परीक्षा पूर्ण डिजिटल झाली आणि आता पडद्यावरच प्रत्येक प्रश्नाला कॅल्क्युलेटर हजर असतो. समर्थकांचे म्हणणे वजनदार आहे. आकडेमोडीतून सुटलेला वेळ विचाराला मिळतो, आणि सर्वांना एकच साधन दिल्याने महागडे यंत्र परवडणाऱ्याचा फायदा संपतो. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण कोणालाच यंत्र न देण्यानेही ती समानता साधतेच. पहिल्या मुद्द्यात मात्र अंदाजाला आकडेमोड समजण्याची गफलत आहे. ३ चा २० वा घात टाइप करून ३,४८,६७,८४,४०१ मिळवणाऱ्याने वेळ वाचवला, पण ८ आणि ९ ची तुलना करण्यातला विचारच त्याच्याकडून सुटला. आणि एखादे शून्य जास्त दाबले गेले, तर उत्तर बिनसले आहे हे त्याला कोण सांगणार? अंदाजाचे प्रश्नही पाठ करता येतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय चांगले प्रश्न काढणे हा आहे, प्रश्न काढून टाकणे हा नाही. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या जीमॅट या प्रवेश परीक्षेने गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर अजून येऊ दिलेला नाही आणि माहितीच्या विश्लेषणाच्या विभागात तो दिला आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एका परीक्षेत नांदू शकतात.

महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. ही पद्धत जुनाट म्हणून मोडीत काढण्याची मागणी होते, तेव्हा शिक्षकांनी आणि मंडळाने सॅटचा हा इतिहास समोर ठेवावा. कॅल्क्युलेटर द्यायचा तर द्या, पण घातांकाचा अंदाज मागणारे काही प्रश्न त्याच्याशिवायच सोडवायला ठेवा.