संगशकची झुंज आणि आपले कर्तव्य

शिळफाट्यावरून पुण्याकडे जाणारा वाटसरू थोड्याच वेळात कोकण सोडून देशावर चढतो. घाटाच्या या दोन्ही बाजूंच्या तरुणांनी मराठा लाइट इन्फन्ट्री पिढ्यान्‌पिढ्या सजविली. आपल्याच जिल्ह्यातील, माणगावकडील नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आपणां सर्वांस विदित आहेच. परंतु त्याच वर्षी, म्हणजे १९४४ साली, त्याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीने मणिपूरच्या डोंगरांत जपान्यांशी जी झुंज दिली, ती आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. तिचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांच्या तीन डिव्हिजनांनी इंफाळ व कोहिमा जिंकण्याच्या इराद्याने चढाई आरंभिली. वाटेत संगशक या नागा खेड्यापाशी ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड उभी ठाकली. आपली मराठा पलटण तिच्या हुकमतीखाली होती. जमीन खडकाळ, त्यामुळे खंदक खोल खणता येईनात. काटेरी तार नाही, पाणी अत्यल्प. विमानांतून टाकलेली रसद बहुतांशी शत्रूच्याच बाजूस पडे. अशा स्थितीत २२ ते २६ मार्चपर्यंत त्यांनी शत्रूस थोपविले आणि हुकूम आल्यावरच रात्री स्थान सोडले. या खोळंब्याने कोहिमाच्या रक्षणास मोलाचे दिवस लाभले. २२ जून रोजी कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि मे १९४५ च्या आरंभी रंगून दोस्तांच्या हाती आले.

हे वीर परक्या सरकारच्या निशाणाखाली लढले आणि त्याच आघाडीवर पलीकडे आझाद हिंद फौज होती, हे खरे. नेताजींच्या त्या फौजेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु एकाचा गौरव करावयाचा म्हणून दुसऱ्यास विसरावे, हा न्याय नव्हे. संगशकचा जवान आपल्या सोबत्यांसाठी आणि पलटणीच्या अब्रूसाठी तहानलेला उभा राहिला. त्याचे ऋण कोणत्या सरकारकडे नाही, आपणांकडे आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, घरातील जुन्या पेटीत बर्मा स्टार, नोकरीचा दाखला वा आघाडीवरील पत्र असेल, तर त्या जवानाचे नाव, गाव, पलटण व वर्ष एका कागदावर लिहून ठेवावे आणि मुलांस वाचून दाखवावे. सांगणारे गेले, आता लिहिलेले तेवढेच उरेल.