डॅक थेट पॉवर ॲम्पला जोडताना

प्रीॲम्प जन्माला आला तो दुबळ्या सिग्नलमुळे. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. ते शेकडो पट वाढवायचे आणि त्याच वेळी १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे खर्ज-तीव्र स्वरांचा तोल पूर्ववत करायचा, हे काम पॉवर ॲम्पच्या आवाक्यातले नव्हते. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आला आणि पुढे २ व्होल्ट ही त्याच्या आउटपुटची रूढ पातळी ठरली. आजचे बहुतेक डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारी साधने, साध्या आरसीए जोडणीवर तेवढेच देतात, संतुलित एक्सएलआर जोडणीवर बहुधा त्याच्या दुप्पट.

आता पॉवर ॲम्पची बाजू पाहू. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर २८.३ व्होल्ट लागतात. ॲम्पचा गेन २६ डेसिबल, म्हणजे २० पट धरला, तर इनपुटला १.४१ व्होल्ट मिळताच तो पूर्ण ताकदीला पोचतो. डॅककडे त्याहून ३ डेसिबल जास्तच आहेत. म्हणजे या साखळीत सिग्नल वाढवणाऱ्या आणखी एका पायरीची गरजच उरत नाही. प्रीॲम्पकडे राहतात ती तीन कामे: पातळी खाली आणणे, अनेक साधनांतून एक निवडणे आणि पुढची केबल समर्थपणे चालवणे.

केबलचा प्रश्न लवकर निकालात निघतो. डॅकचा आउटपुट इंपिडन्स १०० ओहम आणि ॲम्पचा इनपुट इंपिडन्स २० किलोओहम असेल, तर जोडणी उत्तम. ५ मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरली तरी वरचे स्वर गळायला सुरुवात होते ती ३ मेगाहर्ट्झच्या आसपास. उलट मध्ये ५० किलोओहमचा नुसता पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रोधक) असलेला पॅसिव्ह प्रीॲम्प ठेवला, तर पॉटच्या सर्वांत वाईट स्थितीत केबलला मागे सुमारे १२.५ किलोओहम दिसतात आणि हीच सीमा २५ किलोहर्ट्झवर उतरते. ‘मध्ये काही नको’ म्हणणारे पुष्कळ जण मध्ये हाच पॉट बसवतात, याची मला खंत वाटते.

खरा वाद आहे व्हॉल्यूमचा. डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट गळतात, दर ६ डेसिबलला एक, असा आक्षेप असतो. केवळ १६ बिटांत गणित करणाऱ्या जुन्या यंत्रांबाबत तो रास्त होता. आज सीडीचे १६ बिट २४ किंवा ३२ बिटांच्या चौकटीत ठेवून गुणाकार होतो. २४ बिटांच्या चौकटीत खाली ८ बिट मोकळे असतात, म्हणजे ४८ डेसिबल उतरायला जागा आहे, आणि शेवटच्या बिटाशी होणारी चूक योग्य डिदर (मुद्दाम मिसळलेली सूक्ष्म सळसळ) देऊन विरूपणाऐवजी संथ सळसळीत बदलता येते. शिवाय पॉट अगदी खाली असताना डावा-उजवा तोल जसा ढळतो, तसा आकड्यांच्या गुणाकारात ढळत नाही.

मग अडचण कुठे आहे? डॅकच्या ॲनालॉग टप्प्याची स्वतःची सळसळ असते आणि डिजिटल व्हॉल्यूम तिला स्पर्शही करत नाही. संगीत खाली उतरते, सळसळ जागच्या जागी राहते. ती किती, हे मोजूनच पाहावे. डॅकचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर १२० डेसिबल असेल, तर २ व्होल्टच्या तुलनेत सळसळ २ मायक्रोव्होल्ट. २० पट वाढून स्पीकरवर ४० मायक्रोव्होल्ट. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरमधून ती उणे १० डेसिबलवर येते, म्हणजे श्रवणाच्या उंबरठ्याखाली. तोच डॅक १०० डेसिबलचा असला तर १० डेसिबल, तरीही चालण्याजोगी. पण याच डॅकपुढे स्पीकर १०५ डेसिबलचा हॉर्न असेल, तर तिथे २८ डेसिबलची सळसळ उभी राहते. रात्रीच्या खोलीतला गोंगाट बराचसा खालच्या पट्टीतला असल्यामुळे ही वरच्या पट्टीतली सळसळ त्यावर तरंगत कानाला लागते. ख्यालाआधी तंबोरा एकटाच झंकारत असतो तेवढ्या वेळात ती सापडते. माझी कसोटी तीच.

म्हणून ‘प्रीॲम्प असावा की नसावा’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचे ते हे, की डॅकच्या पुढे गेन किती आहे आणि तो आपल्या स्पीकरला हवा आहे का. हॉर्नवाल्याला उपाय स्वस्तात मिळतो. ॲम्पच्या इनपुटपाशी २.२ किलोओहम मालिकेत आणि १ किलोओहम ग्राउंडकडे, एवढ्या दोन रोधकांनी संगीत आणि सळसळ दोन्ही सुमारे १० डेसिबलने खाली येतात. ॲम्प मग २० वॅटपर्यंतच जाईल. हॉर्नला ते भरपूर झाले. रोधक डॅककडे न लावता ॲम्पच्या टोकाला लावावेत, म्हणजे लांब केबल डॅकच चालवतो. बेंचमार्कच्या डॅक१ मध्ये १०, २० आणि ३० डेसिबलची अशी सोय संतुलित आउटपुटसाठी आतच दिलेली आहे. इतर अनेकांनी ती का दिली नाही, याचे मला नवल वाटते.

थेट जोडणीत संगीत ‘पातळ’ वाटते, ही तक्रार मी गांभीर्याने घेतो. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प दुसरा हार्मोनिक मिसळतो आणि ती भर कुणाला आवडत असेल, तर तो त्याचा हक्क आहे. मात्र डॅकने हरवलेले काही त्यातून परत मिळत नाही. पण तुलना करण्याआधी दोन्ही पातळ्या जुळवल्या होत्या का? एका डेसिबलच्या फरकानेही मोठ्या आवाजाचे संगीत भरदार वाटते. स्पीकरच्या टर्मिनलवर २०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने व्होल्टेज जुळवावे. साधे मीटर फार वरच्या सुरांवर भरवशाचे नसतात.

धोका मात्र खरा आहे. सॉफ्टवेअरचा स्लायडर चुकून पूर्ण वर गेला, तर मध्ये थांबवणारा हात नाही आणि ट्वीटर क्षणात जळतो. संगणकाच्या सूचनांचे आवाज त्या आउटपुटवरून काढून टाकावेत, सुरू होताना डॅकचा व्हॉल्यूम खालीच असेल अशी मांडणी करावी. डॅकच्या आउटपुटवर डीसी आहे का, हे ॲम्प जोडण्याआधी एकदा तपासावे, कारण डीसी कपल्ड ॲम्प तोही २० पट करून स्पीकरला देतो. सुरू करताना आधी डॅक, शेवटी ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प, आणि त्याचे कपॅसिटर रिकामे झाल्यावरच डॅक.