पिटबुल : भीती किती, खरं किती

आपल्या शिवारात शहरवाल्यांची फार्महाऊस उभी राहिली, तशी त्यांच्या राखणीला नव्या नव्या जातींची कुत्रीही आली. खुरपणीला जाताना वाट त्याच फाटकावरून जाते. म्हणून आज पिटबुलची गोष्ट.

ही जात आपल्याकडची नाही. तिचं मूळ इंग्लंडात. तिथे पूर्वी बैलाला खुंटाला बांधायचे आणि त्याच्यावर कुत्री सोडायचे. कुत्र्याने बैलाचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही, हा खेळ. असा छळलेला बैल कापला की मांस मऊ लागतं, असा तिथल्या लोकांचा समज होता. काही गावांत तर कुत्री न सोडता बैल कापला तर खाटकाला दंड व्हायचा! १८३५ साली कायद्याने हा खेळ बंद झाला. पण पैज लावणारे कुठे गप्प बसतात? ते गुत्त्याच्या मागच्या खोलीत, तळघरात गेले. तिथे बैल काही मावेना, मग कुत्र्याची कुत्र्याशी झुंज. त्यासाठी दांडगा बुलडॉग आणि उंदीर-घुशी मारणारा चपळ टेरियर यांचा संकर केला. झुंजीच्या खड्ड्याला इंग्रजीत पिट म्हणतात, त्यावरून पिटबुल. पुढे इंग्लंड-आयर्लंडची माणसं अमेरिकेला गेली, त्यांच्याबरोबर ही कुत्रीही गेली. १८९८ साली तिथल्या एका संस्थेने तिची जात म्हणून नोंद सुरू केली.

आता जबड्याचं. 'पिटबुलचा जबडा मिटला की कुलूप लागतं,' असं सर्रास सांगतात. तसं काही नाही. त्याचं हाड, त्याचा सांधा इतर कुत्र्यांसारखाच. मात्र धरलेलं सोडायचं नाही, ही खोड पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याच्यात मुरवली गेली. कुलूप नाही, पण चिकाटी आहे. आणि ज्याला चावा बसला, त्याला हा फरक काय कामाचा, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पिटबुलच्या चाव्याने माणसं दगावली आहेत, आपल्या देशातही. ते झाकून चालणार नाही.

दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. ते सांगतात, जुन्या काळी हा मुलं सांभाळणारा 'दाई कुत्रा' होता. याला इतिहासात आधार नाही. झुंजीसाठी पैदास केलेलं जनावर पाळण्याशेजारी कोण बसवेल? कोणत्याही जातीचा कुत्रा असो, लहान लेकरू त्याच्यापाशी एकटं सोडू नये.

मग स्वभाव रक्तातच असतो का? २००७ साली अमेरिकेत मायकल विक या नावाजलेल्या खेळाडूच्या जागेवर झुंजीची सुमारे पन्नास कुत्री सापडली. अशी कुत्री तोवर सरसकट मारून टाकत. या वेळी एकेकाची वेगळी पारख झाली. बहुतेक जगली. काही घरांत रमली, काही तर आजाऱ्यांना धीर द्यायला दवाखान्यात जाऊ लागली. काही मात्र इतकी बिथरलेली होती की त्यांना कायम निवाऱ्यातच ठेवावं लागलं. २०२२ साली हजारो कुत्र्यांच्या अभ्यासातून दिसलं, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असतो. बाकी वाढवणं, बांधून ठेवणं, मारणं, आणि ज्याचा त्याचा पिंड.

इंग्लंडने १९९१ साली पिटबुलवर बंदी घातली. तिथे आईबाप कोण हे पाहत नाहीत, अंगाची मापं घेऊन ठरवतात. बंदीनंतरही कुत्रा चावून दवाखान्यात भरती होणारे वाढलेच. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायचं पत्र राज्यांना पाठवलं. संबंधितांचं ऐकूनच घेतलं नाही म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

तेव्हा फाटकातला कुत्रा मोकळा असेल, तर मालकाला बांधायला सांगा. एकटीने नाही, गटाने जाऊन सांगा. ऐकत नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. चावा बसलाच, तर पिटबुल असो की गल्लीतला मोत्या, हळद-चुना न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.